परत गेलेले तांदूळ

दत्तजयंतीच्या आधीचा सप्ताह म्हणजे आमच्या भालकीच्या घरातील वर्षातले सर्वांत शिस्तीचे सात दिवस. पहाटे स्नान आटोपून वडील सोवळ्याने गुरुचरित्राची पोथी उघडीत. ही पोथी स्त्रियांनी वाचू नये, केवळ ऐकावी, असा दंडक त्या काळी पुष्कळ घरांतून पाळला जाई. त्यामुळे आई माजघराच्या उंबऱ्याशी वाती वळीत ऐकत बसे. पाचव्या दिवशी छत्तिसावा अध्याय येई. तो आला म्हणजे वडिलांचा आवाज किंचित चढे आणि आम्ही भावंडे आईच्या चेहऱ्याकडे पाहू लागत असू.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना तो अध्याय ठाऊक असेलच. तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. गाणगापुरात एक वेदनिष्ठ ब्राह्मण होता. तो कोणाच्या घरी जेवावयास जात नसे. भिक्षा मागून निर्वाह करी. गावात संपन्न यात्रेकरू येत, समाराधना होत, इतर दंपती पक्वान्ने जेवून दक्षिणा घेऊन परतत. त्याच्या पत्नीला हे पाहवत नसे. अखेरीस तिने श्रीगुरूंकडे गाऱ्हाणे नेले. गुरूंनी नवऱ्यास बोलावून आज्ञा केली की, हिचे मन मोडू नकोस, एकदा हिच्यासमवेत परान्नास जा. दोघे गेले. पंक्तीत बसल्यावर त्या स्त्रीला असे दिसले की, कुत्री आणि डुकरे त्याच अन्नात तोंड घालीत आहेत. ती किळसून उठली, नवऱ्याच्या नेमाचे मोल तिला कळले आणि ती गुरूंच्या पायांवर पडली. पुढे अध्यायात आचारधर्माचे विस्तृत विवरण आहे. पण आम्हा मुलांचे लक्ष कुत्र्या-डुकरांपाशीच संपलेले असे. अध्याय आटोपल्यावर वडील चष्म्यावरून आईकडे एक दृष्टिक्षेप टाकीत. आई वात वळीत असे. तिने आयुष्यात कोणाकडे परान्नाचा हट्ट धरल्याचे मला आठवत नाही.

त्या अध्यायाविषयी माझ्या मनात अनादर नाही. पतीचा एखादा गुण पत्नीला वर्षानुवर्षे दोषासारखा दिसावा आणि एका प्रसंगाने तिची दृष्टी पालटावी, ही गोष्ट संसारात घडते. प्रश्न एवढाच की, याच्या उलट बाजूचा अध्याय कोठे आहे? पत्नीचा गुण पतीच्या नजरेस पडला, तो ओशाळला आणि शहाणा झाला, अशी कथा आमच्या घरच्या पोथ्यांत मला कधी भेटली नाही. ती भेटली साठीच्या उंबरठ्यावर. आणि भेटली ती गाणगापुराहून शे-सव्वाशे किलोमीटरवर, आपल्याच बसवकल्याणात. इतकी वर्षे ती आम्हांला दिसली नाही याचे कारण साधे आहे. ती कन्नडात होती.

हे आपल्यासारख्या कुटुंबांच्या इतिहासाला धरूनच झाले. देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी, व्यापार, कारागिरी, कोणत्या ना कोणत्या निमित्ताने आपले पूर्वज या भागात राहिले. घरात मराठी, निजामाच्या दप्तरात उर्दू आणि बाजारात कन्नड अशी तीन दालने होती. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले; बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद आणि गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात आले. दप्तराची उर्दू जाऊन कन्नड आली. आपल्या पुरुषांनी ती भाषा शिकली ती बहुधा खातेपरीक्षेसाठी. स्त्रिया मात्र त्याच्या कितीतरी आधी शेजारणीकडून, कासारणीकडून, दुधाच्या रतिबावरून ती शिकून मोकळ्या झाल्या होत्या. या त्यांच्या ज्ञानाची कोणत्याही सेवापुस्तिकेत नोंद नाही.

गंमत अशी की, गुरुचरित्राचा कर्ता सरस्वती गंगाधर हा स्वतः कन्नडभाषी. आपल्याला मराठी नीट येत नाही, असे तो ग्रंथाच्या आरंभीच सांगतो. कन्नड घरातील एका भक्ताने आपल्यासाठी मराठीत एवढा ग्रंथ रचला. आपण मात्र त्याच्या भाषेतील शेजारच्या गावची गोष्ट ऐकावयास पाचशे वर्षे लावली.

कल्याण हे गाव पति-पत्नींच्या व्यवहारात तसे जुने जाणते आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य 1076 ते 1126 अशी पन्नास वर्षे येथून राज्य करीत होता. त्याच्या पदरी असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. महसूल खात्यात वारसाच्या नोंदी करताना तिचे नाव मी शेकडो वेळा ऐकले आणि लिहिले. याच विज्ञानेश्वराने स्त्रीधनाचा अर्थ व्यापक करून वारसाने, खरेदीने, वाटणीने स्त्रीकडे येणारी मिळकतही त्यात धरली. म्हणजे बायकोचे काय, याचा लेखी विचार या गावात नऊशे वर्षांपूर्वी झालेला आहे. त्याच दरबारातील काश्मिरी कवी बिल्हण याने ‘विक्रमांकदेवचरित’ रचले. त्यात कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी, चंद्रलेखेशी, झालेला विक्रमादित्याचा स्वयंवर-विवाह वर्णिला आहे. आपल्या मराठी मुलखातील ही लेक कल्याणला नांदावयास आली. बिल्हणाने तिच्या रूपाला एक अख्खा सर्ग दिला आहे; पायांपासून केशांपर्यंत एकही अवयव सोडलेला नाही. त्याच राजाच्या राण्या अग्रहारांचा आणि गावांचा कारभार पाहत असल्याचे शिलालेख सांगतात. रूप पाहावयास कवी होता, कारभार पाहावयास दगड! आपण त्यांपैकी कवीचेच अधिक वाचतो.

यानंतर उणीपुरी तीन-चार दशके गेली. चालुक्यांची सत्ता कळचुरी बिज्जळाच्या हाती आली आणि बसवेश्वरांच्या भोवती शरणांचा मेळावा कल्याणात जमला. त्यात चांभार होते, नावाडी होते, दोऱ्या वळणारे होते, लाकडे विकणारे होते. बहुतेकांची नावे त्यांच्या कायकावरून, म्हणजे कष्टाच्या व्यवसायावरून, पडलेली आहेत. त्यांतच एक जोडपे रायचूर भागातील अमरेश्वराहून आलेले होते. पतीचे नाव मारय्या, पत्नीचे लक्कम्मा. बसवेश्वरांच्या महामनेच्या, म्हणजे त्या मोठ्या घराच्या, अंगणात धान्याच्या नेआणीत जे तांदूळ सांडत, ते वेचून आणावयाचे हे मारय्याचे कायक. ‘आय्द’ म्हणजे वेचलेले आणि ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. म्हणून तो आयदक्की मारय्या. वेचलेल्या तांदळांचा भात करून प्रथम जंगमांना घालावयाचा आणि मग आपण जेवावयाचे, असा त्यांचा दासोह होता.

कथा अशी सांगतात. एके दिवशी मारय्या शरणांच्या चर्चेत रंगून गेला. विषय मोठे, बोलणारे त्याहून मोठे. वेळेचे भान राहिले नाही. लक्कम्मा तेथे आली आणि तिने सर्वांदेखत त्याला आठवण दिली की, आजचे काम व्हावयाचे आहे. मारय्या लगबगीने उठून महामनेकडे गेला. उशीर झालेला, मनात ओशाळलेपण, कदाचित थोडा रागही. त्या भरात त्याने रोजच्याहून अधिक तांदूळ गोळा करून आणले. बसवेश्वरांनीच परीक्षा पाहण्यासाठी त्या दिवशी मुद्दाम अधिक तांदूळ सांडवले होते, असाही एक पाठ आहे. तो मला फारसा रुचत नाही. परीक्षा घेणारा कोणी नसतानाही माणसाकडून असे घडते.

लक्कम्माने सूप हाती घेतले आणि तिच्या ध्यानात आले. रोजचे माप तिच्या हाताला ठाऊक होते. हे एवढे कशाला, उद्यासाठी साठवायचे आहेत काय, हा लोभ तुमच्या मनात कोठून आला, अशा अर्थाचे तिने विचारले. आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून यावयास सांगितले. मारय्या गेला आणि टाकून आला.

येथवर ही कथा अनेकांनी ऐकली असेल. बसवजयंतीच्या व्याख्यानांत ती हमखास येते आणि ‘निर्लोभी लक्कम्मा’ असा उल्लेख होऊन वक्ता पुढे जातो. मला त्यापुढचे महत्त्वाचे वाटते. पंधराव्या शतकाच्या सुमारास शरणांची वचने संवादरूपाने गुंफून ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात या दांपत्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मारय्या परतलेल्या तांदळांवरून हुज्जत घालीत नाही. तो पत्नीला पुढची वाट विचारतो. लक्कम्मा बोलते आणि तो ऐकतो. शरणांच्या सभेत ज्याचे तत्त्वज्ञान वाखाणले जात होते तो मनुष्य घरी येऊन म्हणतो की, मला नीट कळलेले नाही, तू सांग. परंपरेने हा प्रसंग लपवला नाही, उलट जपून ठेवला, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कायक हाती असताना गुरू समोर आला तरी त्याचेही भान राहू नये, या आशयाचे मारय्याचे एक वचन कन्नड मुलखात अतिशय प्रसिद्ध आहे. कामगारांच्या सभेतही ते ऐकावयास मिळते. आता मागचा प्रसंग आठवावा. चर्चेत रमून काम विसरलेला कोण होता, आणि आठवण देणारी कोण? वचनाखाली मुद्रा मारय्याची आहे. विचार प्रथम बोलला गेला तो लक्कम्माच्या तोंडून, असे मानावयास पुष्कळ जागा आहे. त्याने तो उसना घेतला असे मी म्हणणार नाही. बायकोचे बोलणे मनाला इतके लागले की ते आपले होऊन बसले, असे म्हणेन. लक्कम्माच्या नावावर 25 वचने मिळतात. तिची मुद्रा ‘मारय्याप्रिय अमरेश्वरलिंग’ अशी आहे. जिने नवऱ्याला परत पाठवले तिने प्रत्येक वचनाच्या शेवटी त्याचे नाव प्रेमाने घातले आहे. मारय्याच्या मुद्रेत मात्र नुसताच अमरेश्वरलिंग आहे.

हे साहित्य आपल्यापर्यंत आले ते विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांच्यामुळे. मठांतून आणि घराघरांतून ताडपत्रे गोळा करून त्यांनी 1923 साली ‘वचनशास्त्रसार’चा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि छापखान्यासाठी राहते घरही विकले. ते नसते तर लक्कम्माचे नाव भजनी मंडळांपुरते उरले असते.

मराठीत याच्या जवळ जाणारे काही आहे काय, म्हणून मी निवृत्तीनंतर आपली जुनी आत्मचरित्रे पुन्हा चाळली. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 साली निघाले. न्यायमूर्ती 1901 सालीच निवर्तले होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागशः प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळक 1919 साली गेलेले. दोन्ही पुस्तके थोर आहेत. रमाबाईंच्या लेखणीत भक्ती आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत त्याहून दुर्मीळ गोष्ट आहे: तापट, विसराळू, हातचे देऊन टाकणाऱ्या नवऱ्याचे दोष त्या हसत हसत सांगतात आणि त्याच वाक्यात त्याचा मोठेपणा उभा करतात. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. ते दुःख लिहितानाही त्यांचा हात कडवट झाला नाही. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. पण दोन्ही ठिकाणी पाहणारी स्त्री आहे, ज्याच्याविषयी लिहिले तो ते वाचावयास उरलेला नाही, आणि त्याने तिच्यात काय पाहिले ते आपल्याला तिच्याच तोंडून कळते.

महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ त्या मानाने निराळे. ते 1944 साली, दोघेही हयात असताना, प्रसिद्ध झाले. 1893 साली पुनर्विवाह करून आलेली ही बाई. कर्व्यांनी घराचा आधार असलेली आयुर्विम्याची पॉलिसी अनाथ बालिकाश्रमास देऊन टाकली. नवरा समाजाचा झाला आणि संसार बायांचा राहिला. तो चालवण्यासाठी त्या सुइणीचे काम शिकल्या. नवऱ्याच्या थोरपणाची किंमत घरात कोणी आणि कशी मोजली, हे त्यांनी नवऱ्यादेखत छापून ठेवले. लक्कम्माच्या घरी प्रश्न जास्तीच्या तांदळांचा होता, बायांच्या घरी कमी पडणाऱ्यांचा. माप मात्र दोन्हीकडे बाईच्याच हाती होते.

आता जे सांगणार आहे ते या लेखात यावे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. शेवटी असे वाटले की, आठशे वर्षांपूर्वीच्या परक्या घरात डोकावावयाचे आणि स्वतःचे दार लावून घ्यावयाचे, हे बरे नव्हे.

माझे लग्न 1987 साली झाले. सौ. गुलबर्ग्याच्या, आताच्या कलबुर्गीच्या, मराठी घरातील. घरी मराठी असले तरी तिचे सारे शिक्षण कन्नड शाळेत झाले. मी भालकीच्या मराठी शाळेतला. सरकारी नोकरीत कन्नड टिपणी लिहिताना मला घाम फुटे. कन्नडची खातेपरीक्षा मी दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो, तीही रात्री जेवणानंतर तिने घेतलेल्या शिकवणीवर. ही गोष्ट मी कचेरीत कधी कोणाला सांगितली नाही. ‘कन्नड सुधारली हं तुमची,’ असे वरिष्ठ म्हणाले तेव्हा मी ‘सरावाने जमते’ असे उत्तर दिले होते.

1995 साली मी एका तालुक्यात शिरस्तेदार होतो. वेळ अमावास्या, आपली येळवस, दोन दिवसांवर आली होती. त्या दुपारी मी जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीस गेलो असताना एका व्यापाऱ्याने आमच्या घरी तुरीच्या डाळीचे पोते आणि गुळाच्या दोन ढेपा पाठवल्या. सणाची भेट, एवढाच निरोप. त्याचे एक प्रकरण माझ्या टेबलावर होते. ते मी नियमानेच निकाली काढणार होतो, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. सौ.ने पोते दारातूनच परत फिरवले. रिक्षावाल्याला जाण्यायेण्याचे भाडे स्वतःजवळचे दिले. ‘आमच्या घरी महिन्याला अडीच किलो डाळ लागते आणि ती आम्ही आणलेली आहे,’ असे सांगून पाठवले.

संध्याकाळी मला हे कळले तेव्हा मी संतापलो. तो मनुष्य वजनदार होता, त्याचा अपमान झाला, सणासुदीची भेट आणि लाच यांतला फरक तुला कळत नाही, जगाची रीत ठाऊक नाही, पोते ठेवून घेऊन मागाहून मी ते देवळात देऊन टाकले असते. असे पुष्कळ बोललो. ती एवढेच म्हणाली, ‘अहो, भाकरी वाढलीय.’ येळवशीला आम्ही शेतात गेलो, भज्जी आणि अंबिल झाली, कडब्याच्या कोपीतील पांडवांची पूजा झाली. मी तिच्याशी धड बोललो नाही. पुढे मनात आठ-दहा दिवस धुसफूस होती, मग ती गेली. त्या व्यापाऱ्याने काही बरेवाईट केले नाही. प्रकरण नियमाप्रमाणे निकाली निघाले. पोते ठेवून घेतले असते तर काय झाले असते हे मला ठाऊक नाही. बहुधा काहीच झाले नसते. म्हणूनच तिचे बरोबर होते असे मला कोणत्याही घटनेने दाखवून दिले नाही, आणि मीही ते मान्य करण्याच्या खटपटीत पडलो नाही. नोकरीची आणखी चोवीस वर्षे मी ‘स्वच्छ माणूस’ म्हणून ओळखला गेलो. निरोपसमारंभात तसे भाषणही झाले. सौ. दुसऱ्या रांगेत बसली होती.

2019 मध्ये निवृत्त झाल्यावर शून्यसंपादने वाचावयाची हौस मला आली. पण ती जुनी कन्नड. माझी खातेपरीक्षेची कन्नड तेथे पहिल्याच पानावर थांबली. तेव्हा तिने वाचावयाचे, अर्थ सांगावयाचा आणि मी वहीत मराठी उतरवून घ्यावयाचे, असा क्रम ठरला. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि वाचनाला खंड पडेनासा झाला. अशाच एका दुपारी आम्ही मारय्या-लक्कम्माच्या प्रकरणाशी आलो. तांदूळ परत पाठवण्याचा प्रसंग तिने वाचला, अर्थ सांगितला आणि ती पुढच्या वचनाकडे वळली. माझी लेखणी थांबली होती. ‘ती डाळ,’ मी म्हणालो. तिला क्षणभर लागलेच नाही. मग हसून म्हणाली, ‘डाळ होती ती. तांदूळ नव्हते.’

त्या दिवशी मी तिला पंचवीस वर्षे उशिरा विचारले की, मी येईपर्यंत तू थांबली का नाहीस? मला विचारले का नाहीस? तिने पुस्तकात बोट घालून ते मिटले. म्हणाली, ‘विचारलं असतं, तर तुम्ही ठेवून घे म्हणाला असता. आणि मग मला तुमच्याकडे तसं बघावं लागलं असतं. ते मला नको होतं.’

मी आजवर असे समजत होतो की, त्या दुपारी तिने पोते पाहिले आणि तिला भीती वाटली. तिने पोते पाहिलेच नव्हते; तिने मला पाहिले होते. माझ्यातील जो एक बरा गुण होता तो तिने हेरला होता, आणि मी घरी नसताना त्याची राखण केली होती. त्याबद्दल मी तिला जगाची रीत शिकवली.

गाणगापूरच्या त्या ब्राह्मणीला शहाणपण यावे म्हणून कुत्री आणि डुकरे दाखवावी लागली. मारय्याला सूपभर तांदूळ पुरले. मला मात्र पाच वाचने, एक टाळेबंदी आणि परक्या भाषेतील ग्रंथ लागला. परक्या असे मी सवयीने लिहिले, सौ. हे वाचील तेव्हा त्या शब्दावर बोट ठेवील.

गेल्या वर्षी आम्ही बसवकल्याणला जाऊन आलो. आयदक्की मारय्याची गुहा म्हणून दाखवतात त्या ठिकाणी उन्हात पाच-दहा मिनिटे उभे राहिलो. आमच्याखेरीज तेथे दोन शाळकरी मुले होती. ती सावलीत बसून बोरे खात होती. परतताना सौ.ने बाजारातून तांदूळ घेतले, आणि नेहमीप्रमाणे भाव करून घेतले.

वहीचे काम अजून चालू आहे. मी मराठी अर्थ लिहितो आणि ती तपासते. मला संस्कृत शब्दांची ओढ. तिला ती पसंत नाही. लक्कम्माच्या त्या प्रसंगात मी ‘अतिरिक्त तंडुल’ असे लिहिले होते. परवा वही उघडली तर ते शब्द खोडून वर तिच्या बारीक अक्षरात ‘जास्तीचे तांदूळ’ असे लिहिलेले होते. मी ते तसेच ठेवले आहे.